बेरेग परगण्याचं आख्यान

तिसा नदीवरचं शेवटचं भोक पाडून प्रल्हादरावांनी टाचणी बशीत टाकली आणि दुखरा अंगठा तोंडात घातला. जेवणाच्या टेबलावर जुनी रजई, रजईवर भलामोठा बटर पेपर, आणि त्या कागदावर ऑफिसच्या प्लॉटरने छापलेला नकाशा. डोंगर, नद्या, दोन गावं, एक किल्ला. सगळं टाचणीने टोचून टोचून आरपार झालं होतं.

"साधना, ये गं! झाला बघ बेरेग."

साधनाताई ओढणीला हात पुसत आल्या. त्यांनी कागद उचलून उजेडात धरला, पाठीमागून तळवा फिरवला.

"खरखरीत छान आलंय. रांगोळी झरझर उतरेल." मग मान तिरकी करून त्या नकाशाकडे बघत राहिल्या. "पण हे आहे काय? वांगं?"

"वांगं! अगं, परगणा आहे तो. हंगेरीच्या राज्यातला. हे वर कार्पेथियन डोंगर, ही खाली तिसा, हा मुंकाचचा किल्ला. इथं झ्रिनी इलोना नावाच्या बाईने तीन वर्षं वेढा सोसला. तीन वर्षं! आणि कधी? इकडे सह्याद्रीत संभाजी महाराज औरंगजेबाशी झुंजत होते ना, अगदी त्याच वर्षांत!"

"भात लागेल," म्हणून साधनाताई आत गेल्या. पण जाताना कागद त्यांनी दुमडला नाही. जपून गुंडाळी केली आणि कपाटावर ठेवली.

प्रल्हादराव वझे एकतीस वर्षं आखातात नकाशे काढत होते. दुबईतल्या एका सर्व्हे कंपनीत नोकरी, शारजात अल मजाजला खाडीकाठच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर घर. ही झाली पोटापाण्याची गोष्ट. खरा माणूस महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दिसायचा. त्या दिवशी सोफा उभा करून बेडरूममध्ये जायचा, हॉलमध्ये सतरंज्या पडायच्या आणि चार वाजता फेटा बांधून, उपरणं सावरून, हातात चिपळ्या घेऊन प्रल्हादबुवा नारदाच्या गादीवर उभे राहायचे. चाळीस-पन्नास माणसं जमत. अबू धाबीहूनसुद्धा येत.

मात्र बुवांची आख्यानं पाच होती. गेली नऊ वर्षं तीच पाच. मागच्या महिन्यात ऐन रंगात, ज्या वाक्यावर त्यांचा आवाज नेहमी भरून यायचा ते वाक्य पुढे बसलेल्या एका बाईंनी त्यांच्याआधी म्हणून टाकलं. सगळे हसले. बुवाही हसले. पण फेटा उतरवताना त्यांनी तो रोजच्यासारखा घडी न घालता नुसता खुंटीला अडकवला, आणि साधनाताईंच्या काय ते लक्षात आलं.

नेमका त्याच आठवड्यात बेरेग त्यांच्यापुढे येऊन पडला.

झोल्तान हा त्यांच्या ऑफिसातला पाण्याच्या सर्व्हेचा इंजिनिअर, पन्नाशी उलटलेला, जेवणाच्या सुट्टीतही टाय न सोडणारा. युद्ध सुरू झाल्यावर त्याने आईला युक्रेनमधून आणून अबू धाबीतल्या अल रीम आयलंडवरच्या आपल्या फ्लॅटमध्ये ठेवलं होतं. तिच्या व्हिसाचे कागद तो टेबलावर लावत होता. आजीचा जन्मदाखला हंगेरीच्या राज्याचा. आजीच्या लग्नाचा चेकोस्लोव्हाकियाचा. आईचा जन्मदाखला पुन्हा हंगेरीचा. आईच्या शाळेतल्या नोकरीचा कागद सोव्हिएत युनियनचा. पेन्शनचा युक्रेनचा.

"किती देश फिरली तुझी माणसं!" प्रल्हादराव म्हणाले.

"एकही नाही," झोल्तान म्हणाला. "सगळं एकाच घरात झालं. बेरेगसास गावात. देशच येऊन जाऊन होते."

प्रल्हादरावांच्या हातातला पोळीचा घास तसाच राहिला. मग त्यांनी टेबलावर अशी थाप मारली, की पलीकडची चहाची कपबशी हलली.

"हबीबी, हे आख्यान आहे!"

त्या शुक्रवारीच ते अल रीमला जाऊन धडकले. झोल्तानची आई मार्गित चौऱ्याऐंशी वर्षांची. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, हातात काठी, आणि बघणं असं की समोरच्याने नखं कापली आहेत की नाहीत ते आधी तपासावं. बेरेगसासच्या शाळेत त्यांनी अडतीस वर्षं भूगोल शिकवला होता. झोल्तानकरवी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"हा माणूस माझ्या परगण्यावर गाणार आहे. याला भूगोल येतो का?"

"सांग त्यांना, मी नकाशे काढतो."

उत्तर ऐकून त्या जराशा पुढे झुकल्या. "मग चुका करू नकोस म्हणावं."

घरी आल्यावर प्रल्हादरावांनी साधनाताईंना सांगितलं, "तिकडे मावशीला नेनी म्हणतात. मार्गित नेनी."

"नेनी? आपल्या नेन्यांपैकी का?"

"चेष्टा सोड. परीक्षक आहेत त्या. आपली परीक्षा आहे."

पुढचे तीन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. रोज सकाळी दुबईच्या वाटेवर गाडी गोगलगायीसारखी सरकायची, आणि शेजारच्या सीटवर प्रल्हादराव मांडीवर ठेका धरून लातोर्त्सा नदीचं वर्णन चालीत बसवायचे. गाडी विन्स्टनची. विन्स्टन वसईचा, रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये गायचा आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बुवांना पेटीची साथ करायचा. दोन्हीकडे सारख्याच भक्तीने.

"बुवा, वेढा एकदम फर्स्ट क्लास झालाय," तो म्हणाला. "अंगावर काटा आला, हा बघा. पण शेवट काय करताय?"

"तोच तर घोळ आहे."

"घोळ कसला? एकोणीसशे वीस साली तह झाला, परगण्याचे तुकडे झाले, मोठा तुकडा चेकोस्लोव्हाकियात, छोटा हंगेरीत. खलास. आला की शेवट."

"खलास म्हणून गादीवरून उतरता येत नाही, विन्स्टन."

प्रल्हादरावांचे गुरू सांगलीचे देवधरबुवा. त्यांची शिकवण हातापायांत मुरलेली. श्रोता रडला तर रडू दे, पण उठताना त्याचा चेहरा धुतल्यासारखा दिसला पाहिजे. आख्यान मंगलावर संपतं. हरवलेला सापडतो, रुसलेला परततो, गेलेल्याचं नाव राहतं. मंगल सापडेपर्यंत आख्यान तयार झालं असं म्हणायचं नाही, आणि तयार न झालेलं आख्यान घेऊन गादीवर पाय ठेवायचा नाही. एका परगण्याचे तुकडे झाले, नकाशावरून नाव गेलं, ज्यांनी घर सोडलं नव्हतं त्यांनाही अखेर सोडावं लागलं. यात मंगल कुठून आणायचं?

"आमचे फादरसुद्धा गुड फ्रायडेला एवढे टेन्शन घेत नाहीत," विन्स्टन म्हणाला. "तीन दिवस थांबतात."

"माझ्याकडे तीन दिवसच उरलेत."

"द्राक्षांचं करा ना काहीतरी. तुम्हीच म्हणालात, बेरेगसासच्या टेकड्यांवर द्राक्षं अजून पिकतात."

"त्या द्राक्षांचं तिथं काय करतात माहीत आहे?"

"काय?"

"वाइन."

विन्स्टनने समोरच्या गाडीकडे बघत क्षणभर विचार केला. "शारजात? कीर्तनात? नको, राहू द्या."

दोघं इतके हसले, की मागच्याने हॉर्न वाजवला.

शनिवार उजाडला तरी मंगल सापडलं नव्हतं. आणि तरीही, खरं सांगायचं तर, प्रल्हादरावांच्या अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. नऊ वर्षांनी नवं आख्यान! ते आंघोळीला जाताना गुणगुणत होते, येताना गुणगुणत होते. दर दहा मिनिटांनी खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत होते. तीन वाजता साधनाताईंनी त्यांना बेडरूममध्ये घालवलं.

"तुम्ही इथं नाचू नका. मला रांगोळी घालू द्या. बाहेर पाऊल टाकाल तर पुसली जाईल."

"उत्तर गादीच्या बाजूला हं. म्हणजे समोर बसणाऱ्यांना सरळ दिसेल."

"सांगितलंत. चार वेळा सांगितलंत."

दाराआडून प्रल्हादरावांना माणसं येताना ऐकू येत होती. चपलांचा आवाज, विन्स्टनची पेटी उघडल्याचा आवाज, तबल्यावर हनीफची हातोडी. मग नवव्या मजल्यावरच्या मिहिकाचा चढा आवाज. अकरा वर्षांच्या त्या मुलीवर एक फार मोठी कामगिरी होती. बुवांचं मराठी तिने इंग्रजीत झोल्तानच्या कानात सांगायचं, आणि झोल्तानने ते हंगेरियनमध्ये आईच्या.

"काका, they're here!" दार किलकिलं करून ती ओरडली. "आणि ती आजी रांगोळीकडेच बघतेय. Like, staring."

गाव आठवलं असणार त्यांना. त्यांनी डोळे मिटले, गुरूंचं स्मरण केलं, देवाला म्हणाले, शेवट तू बघ बाबा. आणि बाहेर आले.

पूर्वरंग नेहमीसारखा झाला. नेहमीच्याच माणसांनी नेहमीच्याच ठिकाणी माना डोलावल्या. मग गजर झाला, कपाळांना बुक्का लागला, बुवांच्या गळ्यात मोगऱ्याचा हार पडला. नेनींनाही साधनाताईंनी बुक्का लावला. त्यांनी बोट लावून तो बघितला, वास घेतला, आणि पुन्हा नजर खाली फरशीवर.

आणि बुवांनी आख्यानाला हात घातला.

"ऐका मंडळी! आजवर या गादीवरून मी तुम्हाला किती गड दाखवले! आज सातासमुद्रांपलीकडचा एक गड दाखवतो. मुंकाच त्याचं नाव. बाहेर बादशहाच्या तोफा, आत एक बाई. नवरा लांब मुलखात. पदराशी दोन लेकरं, धाकटा नऊ वर्षांचा. सेनापती निरोप धाडतो, बाई, दार उघडा. बाई काय म्हणते?"

पुढच्या रांगेतल्या त्याच बाई तोंड अर्धवट उघडं ठेवून वाट बघत होत्या. त्यांना उत्तर ठाऊक नव्हतं! प्रल्हादरावांना तेवढ्यानेच आकाश ठेंगणं झालं.

"बाई म्हणते, बाळा, तोफा मोठ्या आणल्यास. पण दार उघडायला आतून माणूस लागतो, आणि आत मी आहे!"

टाळ्या पडल्या. हनीफने अशी तिहाई मारली, की लहान मुलं उठून उभी राहिली. हसू आणि वाहवा तीन हप्त्यांत यायची होती. आधी सतरंजीवरून, मग मिहिका बोलून झाल्यावर झोल्तानकडून. तिसरा हप्ता मात्र येत नव्हता. नेनी हसत नव्हत्या. त्या रांगोळीकडे बघत, काठीची मूठ चोळत, मुलाला काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि झोल्तान ओठांवर बोट ठेवत होता. गहिवरल्यात, प्रल्हादरावांना वाटलं. होणारच.

वेढा संपला. तह झाला, परगणा फाटला, घराच्या दारावरच्या पाट्या बदलत गेल्या. ते गाताना बुवांचा आवाज उतरत उतरत अगदी पेटीच्या खालच्या पट्टीला आला. दोन-तीन बायकांनी डोळे टिपले. आता वर चढायचं होतं. आता मंगल हवं होतं. सुचेल, चालता चालता सुचेल. म्हणून बुवांनी चिपळ्या उंच धरल्या.

"उठा! मनाने उठा! ज्या भूमीने एवढं सोसलं तिला आपण प्रदक्षिणा घालू. मी दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे, तर माझ्या डाव्या हाताला उगवती. उगवतीपासून निघायचं. इथून, या बाजूने, डोंगरातून खळाळत येते तिसा..."

चिपळ्या डावीकडे वळल्या आणि तिथंच थांबल्या.

डावीकडे तिसा नव्हती. डावीकडे पिवळ्या रंगाचं सपाट मैदान होतं. हिरवे डोंगर उजवीकडे होते, आणि निळी तिसा तिकडच्या कोपऱ्यातून, मावळतीकडून, उलट्या पावली येत होती.

एकतीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाने आपले दोन्ही हात बघून डावं-उजवं पुन्हा पडताळलं. विन्स्टनने सूर लांबवला. हनीफने तोच ठेका पुन्हा धरला, आणि पुन्हा.

कडेला बसलेल्या साधनाताई हळूच म्हणाल्या, "अहो, काय झालं?"

"कागद पालथा घातलास?"

"पालथा कसला? खरखरीत बाजू वर. नेहमी तशीच ठेवते मी. त्याशिवाय कागद फरशीला बसतो का?"

ते खरं होतं. इतकी वर्षं त्या कमळं आणि वेली काढत आल्या होत्या, आणि कमळ पालथं घातलं तरी कमळच राहतं. परगण्याचं तसं नसतं हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं, आणि ज्याने सांगायचं तो आत फेटा बांधत होता.

"It's a mirror image, काका!" मिहिकाला आता राहवेना. "ती आजी कधीपासून तेच बोलतेय! झोल्तान अंकल म्हणाले, don't interrupt."

कीर्तनात मध्ये बोलायचं नसतं. पण हॉलमध्ये काठीचा ठक् असा आवाज झाला आणि मार्गित नेनी उभ्या राहिल्या. झोल्तान त्यांचा हात धरायला गेला, तर त्यांनी तो काठीने बाजूला केला. माणसं पाय ओढून घेत वाट देत गेली. रांगोळीपाशी येऊन त्यांनी एकदा नकाशाकडे, एकदा बुवांकडे बघितलं. मग एक लांबलचक वाक्य बोलल्या.

झोल्तानचे कान लाल झाले. "आई म्हणते, नदी अशी वाहिली तर आमचं गाव डोंगरावर चढेल. ती म्हणते, ज्याने हे काढलं त्याने बाकावर उभं राहावं."

प्रल्हादरावांना ओशाळं व्हायला वेळच मिळाला नाही. नेनी काठी टाकून, एक गुडघा, मग दुसरा, असं करत फरशीवर बसल्या, आणि पसरलेल्या पंजाने त्यांनी सबंध परगणा पुसून टाकला. डोंगर, मैदान, नद्या, किल्ला. सगळा रंग एकात एक झाला.

"अगंबाई!" कुणीतरी म्हणालं. कीर्तन चालू असताना रांगोळी पुसलेली त्या घरात कुणी बघितली नव्हती.

साधनाताईंनी फडक्याने फरशी स्वच्छ केली आणि पांढऱ्या रांगोळीचा डबा पुढे सरकवला. नेनींनी चिमूट घेतली नाही. डबाच उपडा केला, तळव्याने सगळी रांगोळी पातळ, एकसारखी पसरली, कडा सारख्या केल्या. काळसर टाइलवर पांढरा चौकोन झाला. मग त्यांनी उजव्या हाताची तर्जनी त्यात टेकवली आणि ओढली. बोट जाईल तिथं पांढऱ्यातून खालची फरशी दिसू लागली.

"ही कुठली पद्धत?" साधनाताई पुटपुटल्या.

बोट थांबत नव्हतं. न उचलता त्यांनी परगण्याची सगळी हद्द एका दमात काढली, जशी सही करतात तशी. मग उजवीकडून, उगवतीकडून, एक नदी.

"तिसा," नेनी म्हणाल्या. आणि मान वर करून वाट बघत राहिल्या.

आधी कुणाला कळलं नाही. प्रल्हादरावांना कळलं. वर्ग उत्तर देत नव्हता.

"तिसा," ते म्हणाले.

"तिसा," विन्स्टन म्हणाला, आणि त्याचं बोट आपोआप पेटीवर पडलं.

"लातोर्त्सा."

"लातोर्त्सा!" या वेळी पंधरा-वीस आवाज आले.

"बोरझावा."

"बोरझावा!"

आता हनीफने ठेका धरला. नेनी एक नाव टाकायच्या, बुवा ते सुरात उचलायचे, आणि सबंध हॉल ते झेलायचा. मुंकाच! बेरेगसास! वेरेत्स्केची खिंड! जीभ अडखळत होती, मुलं हसत होती, टाळ्यांचा वेग वाढत होता. पुढच्या रांगेतल्या बाई डोळे मिटून बोरझावा बोरझावा म्हणत होत्या, आणि त्यांना काही विचारलं असतं तर त्या नदीचा उगमही त्यांनी सांगितला असता असा त्यांचा चेहरा झाला होता. प्रल्हादराव गादीवरून कधी उतरले ते त्यांनाही आठवणार नव्हतं. ते नकाशाच्या कडेला उकिडवे बसून, फेटा कलंडलेला, चिपळ्या वाजवत होते. नेनींचं बोट बरोबर त्या जागी जातंय का हे बघत होते. जात होतं. प्लॉटरवर छापून काढावा तसं जात होतं.

गजर ओसरल्यावर त्यांनी झोल्तानला विचारलं, "एवढं तोंडपाठ? शाळेत शिकवायच्या का हे?"

झोल्तानने प्रश्न आईला विचारला. त्या बोटाला लागलेली रांगोळी चोळत बोलू लागल्या. मध्येच झोल्तानने काहीतरी विचारलं, त्या बोलल्या, त्याने पुन्हा विचारलं. भाषांतर करायचं तो विसरला होता. मिहिकाने त्याची बाही ओढली.

"अंकल, what's she saying?"

"ती म्हणते," झोल्तानने टाय सैल केला, "शाळेत कधीच नाही. आधी, सोव्हिएत राज्यात, या परगण्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. नंतर कुणी विचारलं नाही. तिच्या आईने शिकवलं तिला. माझ्या आजीने. आजी हे लहानपणी शाळेत शिकली होती, परगणा होता तेव्हा. शेवया करायचा पाट असायचा, त्यावर पीठ पसरायचं, पिठात बोटाने नकाशा काढायचा. नावं म्हणून घ्यायची. पाणी उकळायला लागलं की पुसायचं, आणि त्याच पिठात अंडी घालून मळायचं." त्याने टायची गाठ आणखी खाली ओढली. "मला हे माहीत नव्हतं. मी तिच्याच वर्गात होतो. तीन वर्षं."

"मग तुम्हाला का नाही शिकवलं?" मिहिकाने विचारलं. या वेळी ती मराठीत बोलली, आणि प्रल्हादरावांनी ते इंग्रजीत सांगितलं.

झोल्तानने आईकडे बघितलं. प्रश्न पोहोचवायची गरज नसल्यासारख्या नेनी दोनच शब्द बोलल्या.

"म्हणते, मी बडबड्या होतो."

हॉल हसला. झोल्तानही हसला, पण त्याने चष्मा काढून हातात घेतला होता. मग तो टायसकट, इस्त्रीच्या पँटसकट आईशेजारी फरशीवर बसला. नेनींनी त्याचं मनगट धरलं, त्याचं बोट नकाशावर बेरेगसासच्या जरा वर नेलं आणि तिथं टेकवून हलकंसं दाबलं. काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. बोट उचललं तेव्हा तिथं एक बारीक काळा ठिपका उरला.

मग, धडा संपल्यावर फळा पुसावा तितक्या सहज, नेनींनी तळवा पसरला आणि हात नकाशाकडे नेला.

"थांबा, थांबा!" साधनाताई अक्षरशः झेपावल्या. त्यांच्या हातात देवापुढचा करंडा होता. त्यांनी हळदीची एक चिमूट आणि कुंकवाची एक चिमूट नकाशाच्या मधोमध सोडली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "झालं. आता हात लावायचा नाही."

नेनींचा हात हवेत तसाच राहिला. पिवळ्या आणि लाल ठिपक्याकडे बघत त्यांनी झोल्तानला काहीतरी विचारलं.

"ती विचारते, म्हणजे हे किती वेळ राहणार?"

"उद्या सकाळपर्यंत," साधनाताई म्हणाल्या. "सकाळी केर काढावाच लागतो."

"सकाळी किती वाजता?"

"सात. सातला काढते मी."

विन्स्टनने पेटीचा भाता दाबून धरला होता. प्रल्हादराव गादीशेजारी उभे होते, मंगलाची ओळ घेण्यासाठी तोंड उघडून, पण ती ओळ त्यांनी त्या दोघींवर सोडली होती.

नेनी बोलल्या. झोल्तानने आधी घसा खाकरला.

"ती म्हणते, आमच्या शाळेत भूगोलाचा तास नऊला सुरू व्हायचा."

साधनाताईंनी करंड्याचं झाकण लावलं. एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा फरशीवरच्या परगण्याकडे.

"मग दहाला काढते," त्या म्हणाल्या.

बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीकडे बघून बाई मान हलवतात, तशी नेनींनी मान हलवली.